घरच्या कारखान्याचा शेअर

भिलाईत शेअर बाजाराच्या गप्पा सुरू झाल्या की थोड्याच वेळात ‘सेल’ येतेच. इथल्या अनेक मराठी घरांत आजोबा किंवा वडील विदर्भातून येऊन प्लांटमध्ये चिकटले, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलं इथंच शिकली. साहजिकच डिमॅट खातं उघडल्यावर पहिली खरेदी स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाची, म्हणजे ‘सेल’ची. ‘आपली कंपनी आहे, बुडणार थोडीच!’ बुडणार नाही हे खरंच. पण न बुडणाऱ्या कंपनीतही माणसाचे पैसे बुडू शकतात, आणि ते कसे, याचा माग काढण्याचा मला कित्येक वर्षांचा नाद आहे.

पार्श्वभूमी एका दमात सांगतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं, 1973 मध्ये ‘सेल’ स्थापन झाली. आज कंपनीचे शेअर सुमारे 413 कोटी, दर्शनी किंमत 10 रुपये, 65 टक्के मालकी सरकारची.

आता भाव. या शतकाच्या सुरुवातीला हा शेअर दर्शनी किमतीच्याही खाली मिळत होता, कंपनी तोट्यात होती. 2007 च्या अखेरीस तो 290 च्या आसपास पोहोचला. मार्च 2020 मध्ये विशीत आला. 2021 मध्ये पुन्हा 140 च्या घरात. या सगळ्या काळात भट्ट्या पेटलेल्याच होत्या, पाळीचे भोंगे चुकले नाहीत, रेल्वेला रूळ जातच होते. प्लांटच्या फाटकात उभं राहून 290 चा दिवस कुठला आणि 20 चा कुठला, हे कुणालाही ओळखता आलं नसतं.

पीटर लिंच या अमेरिकी फंड व्यवस्थापकानं 1989 च्या आपल्या पुस्तकात कंपन्यांची सहा प्रकारांत विभागणी केली आहे. त्यातला एक प्रकार चक्राकार धंद्यांचा: पोलाद, वाहनं, विमान कंपन्या. माझ्या मते शेअर निवडीतली पहिली शिस्त हीच, की घेण्याआधी कंपनी कुठल्या जातीची ते ठरवायचं. साबण-टूथपेस्टच्या कंपनीला लावायची फूटपट्टी पोलादाला लावली की हिशेब उलटा पडतो. कसा, ते आकड्यांतच बघण्यात मजा आहे.

2021-22 या वर्षी ‘सेल’ला सुमारे 12,015 कोटींचा नफा झाला. 413 कोटींनी भागा, प्रत्येक शेअरमागे 29 रुपये. 2022 च्या उन्हाळ्यात भाव सत्तरच्या आसपास होता, म्हणजे पी-ई (भाव भागिले शेअरमागचा नफा) जेमतेम अडीच. चांगल्या कंपन्या तीस-चाळीस पी-ईला विकल्या जात असताना अडीच! मला त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना हा शेअर फुकट वाटत होता. पुढच्या वर्षी नफा आला 1,903 कोटी, शेअरमागे साडेचार रुपयांच्या थोडा वर. त्याच सत्तरच्या भावाला पी-ई आता पंधरा. भाव तोच धरला, तरी स्वस्ताई पळाली.

याची दुसरी बाजू याहून रंजक आहे. 2015 मध्ये चीननं 11 कोटी टनांच्या आसपास पोलाद जगभर ओतलं, भाव कोसळले, आणि 2015-16 ला ‘सेल’ 4,000 कोटींहून अधिक तोट्यात गेली. पी-ई काढायलाच जागा नाही. 2016 च्या सुरुवातीला शेअर चाळिशीच्या आसपास होता. फेब्रुवारीत सरकारनं आयातीवर किमान किंमत लावली. त्यापुढच्या वर्षीही कंपनी 2,833 कोटी तोट्यात, पण जानेवारी 2018 मध्ये भाव शंभरी गाठत होता. तोट्याच्या दोन वर्षांत पैसे दुपटीवर! आणि तिथंही जो ‘आपली कंपनी’ म्हणून बसून राहिला, त्याला 2019 मध्ये पुन्हा तिशी दिसली. घेणं जमलं तरी विकणं जमत नाही, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. सोन्याची सवय, दुसरं काय.

या धंद्यात नफा कुठून येतो हे समजावं म्हणून मी दल्ली-राजहराला गेलो होतो. लाल धूळ बुटांवरून आठवडाभर जात नाही. भिलाईच्या भट्ट्यांना इथलं खनिज मिळतं. स्वतःच्या खाणी हे ‘सेल’चं मोठं बळ आहे. पण कोकिंग कोळसा बहुतांश परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो. म्हणून माझ्या वहीत ‘सेल’च्या पानावर शेअरच्या भावाआधी कोळशाचा भाव असतो, मग पोलादाचा, मग कर्जाचा. 2020 च्या मार्चअखेर कर्ज 50,000 कोटींच्या पुढे होतं, दोन वर्षांत ते 13,000 कोटींच्या आसपास आलं. त्या दोन वर्षांतल्या पोलाद-तेजीची खरी कमाई मला लाभांशापेक्षा या ओळीत दिसते.

अभिमानाचं मात्र वहीत काही लिहायचं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, तिच्यासाठी ‘सेल’नं सुमारे 30,000 टन पोलाद दिलं होतं, त्यात भिलाईच्या प्लेट्सही होत्या. गावात पेढे वाटावेत अशीच बातमी. पण कंपनी त्या वर्षी 1.8 कोटी टनांहून जास्त कच्चं पोलाद बनवत होती. भागाकार करा: अख्खी विक्रांत म्हणजे पंधरा तासांपेक्षाही कमी वेळाचं उत्पादन, तेही कित्येक वर्षांत मिळून दिलेलं. बातमीनं ऊर भरून येतो, शेअरमागचा नफा हलत नाही.

गुंतवणुकीवर लिहिणारे फिलिप फिशर यांनी 1958 मध्येच सांगून ठेवलं होतं, की कंपनीभोवतीच्या माणसांशी बोला. भिलाईत ते सोपं, किराण्याच्या रांगेतही भट्टीची खबर मिळते. तरी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भिलाईतली खबर उत्पादनाची असते आणि भाव ठरतो तो चीनमध्ये. दुसरी, कायद्याची: ज्यांच्या हाती न फुटलेली माहिती येते, त्या अधिकाऱ्यांना बाजार नियामक सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. भावजींनी जेवताना सांगितलेल्या आकड्यावर खरेदी करणं म्हणजे हुशारी नव्हे, गुन्हा आहे.

निवृत्तीच्या पैशाबद्दल माझं मत जरा कडक आहे. पगार ज्या कंपनीचा, क्वार्टर तिचं, सेक्टर 9 चा दवाखानाही तिचाच, त्याच कंपनीत ग्रॅच्युइटीही घालू नये. एका शेअरमध्ये सगळ्या गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, चक्राकार असेल तर तीनच. कारण 290 वरून 20 वर आलेला शेअर पुन्हा 290 व्हायला साडेचौदा पट व्हावा लागतो. ‘पडला की अजून घेऊन सरासरी खाली आणू’ म्हणणाऱ्यांनी या भागाकारापुढे थोडं थांबावं. ज्यांना एवढाही धीर नाही, ते फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळतात. तिथं 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत दहांतल्या नऊहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाल्याचं सेबीच्याच पाहणीत आलं आहे.

माझी पद्धत साधी आहे. शेअर घेण्याआधी वहीत तीन-चार ओळी: का घेतोय, काय घडलं तर विकणार, किती पैसे. भावाची ओळ शक्यतो टाळतो. ‘30 टक्के वाढला की विकू’ यात कंपनीबद्दल काहीच नसतं. ‘कोळसा उतरतोय, कर्ज घटतंय, म्हणून घेतोय, यातलं एक उलटलं की निम्मे विकणार’ यात असतं. तिमाही निकाल आले की तेवढंच पान उघडायचं. ज्या कंपनीचं कारण चार ओळींत मावत नाही, ती घ्यायचीच नाही. या नियमापायी माझ्या हातून काही चांगले शेअर निसटले, त्याचं दुःख नाही.

‘सेल’च्या पानावर अलीकडे लिहायला बरंच मिळालं. 2024 मध्ये चीनची निर्यात पुन्हा 11 कोटी टनांच्या जवळ गेली. एप्रिल 2025 मध्ये केंद्रानं काही पोलाद आयातीवर 200 दिवसांसाठी 12 टक्के तात्पुरतं सुरक्षा शुल्क लावलं. आणि कंपनीला या दशकाच्या अखेरीपर्यंत क्षमता 3.5 कोटी टनांवर न्यायची आहे. एवढा विस्तार म्हणजे पुन्हा कर्ज, मागच्या विस्तारातही तेच झालं होतं. म्हणून पुढच्या निकालात नफ्याचा आकडा मी नंतर वाचणार, आधी कर्जाची ओळ.