मोबाईलच्या पडद्यावरील मुलाखत

नोकरीची मुलाखत म्हटली म्हणजे उमेदवारानें धुतलेले कपडे अंगांत घालावे, दाखल्यांची गुंडाळी बगलेंत मारावी व पहांटेची एस. टी. गांठावी, असा पूर्वींचा शिरस्ता होता. २०२० सालच्या मार्चमध्यें टाळेबंदी आली आणि तो एकाएकीं मोडला. टाळेबंदी उठली, तरी पुष्कळ कचेऱ्यांनीं निदान पहिली मुलाखत मोबाईलवर घेण्याचा प्रघात चालू ठेविला आहे. खेड्यांतील उमेदवारास ही सोय लहान नव्हे. पुण्यामुंबईचें भाडें व बापाची एक दिवसाची मजुरी वांचते. मात्र खुर्ची दाखविणारा शिपाई येथें कोणी नाहीं. कचेरीची खोली उमेदवारासच आपल्या घरांत उभारावी लागते.

एकमेकांचें तोंड पाहत दूरवर बोलण्याची कल्पना जुनीच आहे. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत ए. टी. अँड टी. या कंपनीनें ‘पिक्चरफोन’ नांवाचें यंत्र लोकांस दाखविलें, व १९७० मध्यें पिट्सबर्ग शहरांत तें भाड्यानेंही मिळूं लागलें. परंतु भाडें एवढें जबर होतें कीं तें फारसें चाललें नाहीं. आज तेंच काम करणारें यंत्र आपल्या खिशांत आहे, आणि आपण तें बहुधा खेळण्यासारखें वापरतों. अडचण येते ती येथूनच.

प्रथम दृष्टीचा विचार करूं. परीक्षकाचा चेहरा पडद्याच्या मध्यभागीं दिसतो. परंतु आपणांस पाहणारा डोळा असतो पडद्याच्या कांठावरील बारीक भिंगांत. चेहऱ्याकडे पाहून उत्तर दिलें, तर पलीकडे आपली नजर झुकलेली दिसते. म्हणून ऐकतांना पडद्याकडे व बोलतांना भिंगाकडे पाहावें. मोबाईल हातांत न धरितां पुस्तकांच्या चळतीवर, भिंग डोळ्यांच्या उंचीस येईल असा, टेकवून ठेवावा. खालीं ठेविला तर परीक्षकास आपल्या नाकपुड्या व वरचा पंखा तेवढा दिसतो. तो अगदीं जवळही नसावा, कारण मग कानांच्या मानानें नाक भिंगास फार जवळ पडतें व मोठें दिसतें. हातभर अंतर पुरे. आपणांस आपलें चित्र बहुधा आरशांतल्यासारखें उलटें दिसतें. यास्तव दाखला पुढें धरिला असतां अक्षरें उलटीं दिसलीं तरी गोंधळूं नये. परीक्षकास तीं सरळच दिसतात.

प्रकाशाची गोष्ट याहूनही महत्त्वाची. आमच्या एका माजी विद्यार्थिनीनें परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला व एका रुग्णालयाच्या मुलाखतीस ती घरूनच बसली. घरांतील पसारा दिसूं नये म्हणून तिनें खिडकीकडे पाठ केली. परीक्षकांस दिसली ती केवळ एक काळी आकृति. “आपण कोठें आहां?” असें दोनदां विचारलें जातांच मुलगी गांगरली, आणि पाठ असलेलीं उत्तरेंही तिला आठवेनात. ती जागा गेली. कॅमेरा चित्रांतील एकंदर उजेड मोजून आपली बाहुली लहानमोठी केल्यासारखें करितो. मागें लख्ख खिडकी असली कीं तो उजेड कमी करितो, आणि त्यांत बिचारा चेहरा बुडतो. पुढच्या खेपेस तिनें खाट फिरवून खिडकीकडे तोंड केलें व पसाऱ्यावर दोरीनें आईची एक साधी साडी टांगली. खर्च कांहींच झाला नाहीं, आणि त्या ठिकाणीं तिची नेमणूक झाली. तिच्या घरांत येणारा तो पहिलाच मासिक पगार होता.

आतां आवाज तुटतो तो कां? आपलें बोलणें व चित्र सलग धारेसारखें जात नाहीं. मोबाईल त्याचे बारीक तुकडे करितो, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालितो आणि टपालांतील पाकिटांप्रमाणें रवाना करितो. पलीकडचें यंत्र तीं पाकिटें क्रमानें लावून घेतें. चित्रपट पाहतांना एखादें पाकीट उशिरा आलें तरी चालतें, कारण पुढचा भाग आधींच सांठवून ठेवितां येतो. संभाषणांत जो शब्द अद्याप उच्चारलाच नाहीं तो सांठवावयाचा कसा? फार उशिरा आलेलें पाकीट टाकून दिलें जातें व तेवढें अक्षर हरवतें. म्हणून जेथें चित्रपट सुरळीत चालतो तेथें मुलाखतही चालेल, हा समज खरा नव्हे. आदल्या दिवशीं त्याच जागीं, त्याच वेळीं एखाद्या मित्राशीं बोलून पाहावें. ऐन वेळीं आवाज तुटूं लागला, तर परवानगी मागून चित्र बंद करावें. आवाजास फार थोडी वाट लागते. प्रश्न संपल्यावर एक श्वास थांबून बोलावें, म्हणजे दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत नाहींत. तासाभराच्या अशा बोलण्यास चित्राच्या स्पष्टतेप्रमाणें सुमारें अर्धा ते दीड गिगाबाइट डेटा खर्च होतो. दिवसाचा वांटा धाकट्या भावानें सकाळींच क्रिकेट पाहण्यांत उडविला नाहीं ना, हें पाहणें इष्ट.

तारेचा साधा ईअरफोन असल्यास उत्तम. तोंडाजवळ ध्वनिग्राहक येतो व प्रतिध्वनि टळतो. चार्जर लावून ठेवावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावें, नाहीं तर मध्येंच मामांचा फोन यावयाचा. कोणी बाजूस बसून उत्तरें सुचवूं नयेत; डोळे तिकडे वळले कीं परीक्षकास सर्व कळतें. आणि लाल बटण दाबून संभाषण खरोखर संपलें, हें पाहिल्यावरच आईनें “काय झालें रे?” म्हणून विचारावें.

पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. मुलाखतीच्या नांवाखालीं फसविणारे लोक पुष्कळ आहेत. नोंदणीची फी, अनामत रक्कम, गणवेशाचे पैसे असें कांहीं मागितलें, ओ. टी. पी. विचारला, किंवा मोबाईलचा पडदा दुरून चालविणारें एखादें ॲप घ्यावयास सांगितलें, तर बोलणें तेथेंच थांबवावें. बोलावणें आलें त्या कचेरीचा क्रमांक स्वतंत्रपणें शोधून तिकडे चौकशी करावी. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं अडविली जाण्याचा संभव असतो. आलेले संदेश व पैसे पाठविल्याची नोंद पुसूं नये; तक्रारीस त्याच लागतात.