ओसीडीसाठी योग्य थेरपिस्ट कसा शोधावा?

काही वर्षांपूर्वी पस्तिशीच्या एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. हाताला भेगा पडल्या होत्या, आग होत होती. मी मलम लिहून दिले. महिन्याभराने त्या परत आल्या, मी मलम बदलून दिले. तिसऱ्या वेळी सोबत नवरा होता. तो म्हणाला, "डॉक्टर, ही दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हात धुते. आठवड्याला चार साबण लागतात." तोपर्यंत हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

पुढे कळले की वर्षभरापूर्वी त्या एका समुपदेशकाकडे जाऊन आल्या होत्या. त्यांना सल्ला मिळाला होता, "विचार आला की मन दुसरीकडे वळवा, छंद जोपासा." सहा-सात वेळा जाऊनही फरक पडला नाही. त्यांची समजूत झाली की आपला आजार बरा होणाराच नाही. खरे तर त्यांना त्या आजाराचा उपचार मिळालाच नव्हता. हा लेख त्यासाठीच आहे. ओसीडीमध्ये 'कोणाकडे तरी' जाऊन भागत नाही, नेमका उपचार येणाऱ्या माणसाकडे जावे लागते.

ओसीडी म्हणजे काय?

जुन्या मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला एखादा विचार, शंका किंवा चित्र मनात पुन्हा पुन्हा घुसते आणि जीव कासावीस होतो. ती बेचैनी घालवण्यासाठी माणूस एखादी कृती करत राहतो. हात धुणे, गॅसचा नॉब आणि कडी-कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे, वस्तू एका रेषेत लावणे, मोजणे, ही झाली दिसणारी उदाहरणे.

काही कृती बाहेरून दिसत नाहीत. देवापुढे हात जोडले की मनात घाण शब्द येतात, मग ते 'पुसण्यासाठी' एकच जप शंभर वेळा करावा लागतो. नुकतीच बाळंत झालेली आई विळी हातात घ्यायला घाबरते, कारण 'माझ्या हातून बाळाला काही झाले तर?' हा विचार सुटत नाही. असे विचार असलेली माणसे वाईट नसतात. उलट, तो विचार त्यांच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध असतो, म्हणूनच त्याची एवढी भीती वाटते.

शंभरात साधारण एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. लाजेपोटी अनेक जण वर्षानुवर्षे तो लपवतात.

नुसत्या बोलण्याने का भागत नाही?

हात धुतले की बेचैनी थोडा वेळ कमी होते. मेंदू त्यातून एक चुकीचा धडा शिकतो, 'धुतले म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी धुण्याची ओढ आणखी वाढते. घरच्यांनी "नाही गं, काही होत नाही" असा दिलेला दिलासाही हेच काम करतो. तो दहा मिनिटे टिकतो आणि मग तोच प्रश्न पुन्हा येतो. थेरपिस्टही दर आठवड्याला तासभर फक्त दिलासा देत असेल, तर आजार जागच्या जागी राहतो.

यावर सर्वाधिक पुरावा असलेल्या मानसोपचाराचे नाव आहे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. हा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचाच, म्हणजे सीबीटीचा एक प्रकार आहे. यात पेशंट आणि थेरपिस्ट मिळून भीतीची शिडी तयार करतात. समजा दाराच्या कडीला हात लावण्याची भीती शंभरपैकी वीस, पैशांच्या नोटांची चाळीस आणि सार्वजनिक नळाची सत्तर आहे. सुरुवात वीसपासून होते. कडीला हात लावायचा आणि हात धुवायचे नाहीत. बेचैनी वाढते, पण न धुताही ती सहन होते आणि बहुतेक वेळा हळूहळू उतरते. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला की मेंदू नवा धडा शिकतो. मग पुढची पायरी.

हे कोणी जबरदस्तीने करायचे नसते. प्रत्येक पायरी पेशंटच्या संमतीने चढायची असते. साधारण बारा ते वीस सेशन्स लागतात आणि रोज घरी सराव करावा लागतो.

कोण काय करते?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. हे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर असतात. निदान करतात, औषधे देतात. काही जण थेरपीही करतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत, थेरपी करतात. त्यांच्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीतील एम.फिल. किंवा तशी मान्यताप्राप्त पदवी आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही.

समुपदेशक किंवा काउन्सेलर या नावाखाली मात्र वेगवेगळ्या शिक्षणाचे लोक काम करतात. त्यांच्यापैकी काहींनी ईआरपीचे चांगले प्रशिक्षण घेतलेले असते, अनेकांनी नसते. म्हणून पाटीवरच्या शब्दावर जाऊ नका, प्रश्न विचारा.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

१. तुम्ही ओसीडीचे पेशंट नियमित पाहता का? आतापर्यंत साधारण किती पाहिलेत?

२. तुम्ही कोणती पद्धत वापरता? उत्तरात ईआरपी हा शब्द यायला हवा. नुसते 'सीबीटी' म्हटले तर विचारा, "त्यात एक्स्पोजर असते का?"

३. सेशनमध्ये आम्ही नेमके काय करू आणि घरी काय करायचे? जाणकार थेरपिस्ट शिडीबद्दल, रोजच्या सरावाबद्दल सांगेल.

४. सुधारणा कशी मोजता? ओसीडीसाठी येल-ब्राउन स्केल नावाची शून्य ते चाळीस गुणांची मोजपट्टी वापरतात. सुरुवातीचे गुण आणि दोन महिन्यांनंतरचे गुण यांत फरक दिसायला हवा.

५. घरच्यांना कधी बोलावता?

६. फी किती, सेशन किती मिनिटांचे आणि ऑनलाइन सोय आहे का?

"मी एवढे प्रश्न विचारले तर त्यांना राग येईल का?" असे पेशंट मला विचारतात. चांगल्या थेरपिस्टला राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याबद्दल तुम्हाला फोनवरच कळले, हे बरेच झाले.

कधी सावध व्हावे?

• "विचार आला की मनात जोरात थांब म्हणा" किंवा "मनगटावर रबर बँड ओढा" हाच मुख्य उपचार असेल. विचार दाबला की तो जास्तच उसळी घेतो.

• महिनोन् महिने फक्त लहानपणाच्या गप्पा किंवा फक्त श्वसनाचे व्यायाम चालू असतील. प्राणायाम तब्येतीला चांगला, पण तो ओसीडीचा उपचार नाही.

• "पाच सेशनमध्ये मुळापासून बरे करतो" अशी हमी दिली जात असेल.

• सायकियाट्रिस्टने दिलेल्या गोळ्या लगेच बंद करायला सांगितले जात असेल.

• तुमचा विचार ऐकून थेरपिस्टच घाबरत असेल किंवा नीतीचे धडे देत असेल.

औषधांचे काय?

सौम्य आजारात ईआरपी एकट्याने पुरेशी ठरू शकते. मध्यम ते तीव्र आजारात बहुतेकदा औषधही लागते. फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ही नेहमी वापरली जाणारी औषधे आहेत. क्लोमिप्रामिन हे जुने औषधही गुणकारी आहे. या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. मात्र ओसीडीमध्ये डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तीन आठवड्यांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नका.

शोध कोठून सुरू करावा?

पहिली पायरी सायकियाट्रिस्ट. त्यांच्याकडून निदान पक्के करून घ्या आणि विचारा, "ईआरपी करणारे कोणी तुमच्या माहितीत आहे का?" सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते, तेथे खर्च कमी येतो. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या ओपीडीत दाखवले म्हणजे दाखल व्हावे लागते असे नाही. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी संस्था आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

तालुक्याच्या गावी थेरपिस्ट नसेल तर व्हिडिओ कॉलवरची ईआरपी हा चांगला पर्याय आहे. भीतीच्या जागा घरातच असतात, त्यामुळे सराव तेथेच करता येतो. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते.

जगावेसे वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो असे विचार येत असतील तर थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा आणि पेशंटला एकटे सोडू नका.

पहिल्या भेटीची तयारी

एका कागदावर लिहून न्या. कोणते विचार येतात, त्यावर तुम्ही काय करता, दिवसातले किती तास त्यात जातात, काय काय टाळता, आधी कोणते उपचार झाले. जो विचार सांगायची सर्वांत जास्त लाज वाटते, तोही लिहा. बोलवत नसेल तर कागद पुढे सरकवा. ओसीडी पाहणाऱ्या माणसाने असे विचार अनेकदा ऐकलेले असतात.

सहा ते आठ सेशन्स झाल्यावर स्वतःला विचारा. शिडी तयार झाली का? सराव सुरू झाला का? धुण्याचा किंवा तपासण्याचा वेळ थोडा तरी घटला का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला, गरज पडल्यास बदला. थेरपिस्ट बदलणे म्हणजे तुम्ही हरलात असे नाही.

घरच्यांसाठी

तुम्ही प्रेमापोटी पेशंटऐवजी कुलूप तपासता, सांगेल तेव्हा कपडे बदलता, शंभरदा "सगळे ठीक आहे" म्हणता. यातून आजाराला खतपाणी मिळते. पण म्हणून उद्यापासून सगळे एकदम बंद करू नका, त्याने घरात भांडणेच होतील. काय, किती आणि कधी कमी करायचे हे थेरपिस्टसोबत ठरवा. तोपर्यंत "नाटके बंद कर" ऐवजी "तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आपण यातून मार्ग काढू" एवढे म्हणा.

त्या बाईंना शेवटी आमच्या गावापासून दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात ईआरपी करणारी सायकॉलॉजिस्ट मिळाली. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी आठवडे व्हिडिओ कॉलवर, असे सात-आठ महिने उपचार चालले. सोबत गोळ्या होत्या. आजही ताण आला की धुण्याची ओढ डोके वर काढते, पण तेव्हा काय करायचे हे त्यांना ठाऊक आहे. मागच्या महिन्यात त्या मुलाचा ताप दाखवायला आल्या होत्या. जाताना त्यांनी दवाखान्याचे दार स्वतःच्या हाताने उघडले आणि मुलाला घेऊन तशाच पुढे गेल्या.