मास्क पहाटेपर्यंत टिकायला हवा

झोपेत श्वास वारंवार बंद पडणाऱ्या रुग्णासाठी १९८०पर्यंत डॉक्टरांकडे एकच खात्रीचा इलाज होता: गळ्याला भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवणं. त्या वर्षी सिडनीत एका रुग्णाने या शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मग व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून त्याच्या नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सोडला. घसा उघडा राहिला आणि माणूस शांत झोपला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज घरोघरी पोहोचलेलं सीपॅप यंत्र ते हेच.

झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, स्लीप ॲप्निया, म्हणजे नुसतं घोरणं नव्हे. घोरणं मध्येच थांबतं, बाजूला झोपलेल्याला हायसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच घोटाळा सुरू असतो. छाती-पोट हलत असतं, पण सैलावलेला घसा मिटल्यामुळे हवा आत जात नाही. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते, आतला दाब एकदम खाली जातो आणि हृदयाचे पातळ भिंतींचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू धोका ओळखून ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं सोडायला लावतो, बीपी उसळतं, मोठा आवाज करत श्वास परत येतो. सकाळी रुग्णाला यातलं काही आठवत नाही. श्वास अडण्याचे असे प्रकार तासाला ३० किंवा जास्त झाले, तर आजार गंभीर समजतात. निरोगी माणसाचं बीपी रात्री १० ते २० टक्के उतरतं. हृदयाला मिळणारी ही विश्रांती या रुग्णांना मिळत नाही. गोळ्यांना दाद न देणारं बीपी आणि ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, या दोन्हींमागे ॲप्निया वारंवार सापडतो तो यामुळेच.

मग घसा उघडा ठेवला की हृदयही वाचायला हवं. स्पेनमधल्या पुरुषांवरचा, सुमारे दहा वर्षं चाललेला एक अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने तसंच सुचवलं: गंभीर ॲप्निया असून उपचार न घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना ठळकपणे जास्त होत्या, यंत्र वापरणाऱ्यांत कमी.

त्यामुळे २०१६मध्ये ‘सेव्ह’ चाचणीचा निकाल आला तेव्हा धक्का बसला. भारतासह सात देश, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले ॲप्नियाचे २,७१७ रुग्ण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत यंत्र, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. यंत्रवाल्यांचं घोरणं घटलं, दिवसाची पेंग कमी झाली, मन प्रसन्न राहू लागलं. पण हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत.

‘यंत्राचा हृदयाला उपयोग नाही’ असा याचा अर्थ अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. याच चाचणीतला दुसरा आकडा पाहा: रुग्णांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता. रात्री अकराला मास्क चढवला, तर अडीचच्या सुमाराला तो उशाशी पडलेला! आता झोपेची घडण लक्षात घ्या. स्वप्नांची ‘रेम’ झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तिच्यात स्नायू सर्वांत ढिले पडतात, श्वास जास्त वेळ अडतो, ऑक्सिजन जास्त खाली जातो. म्हणजे मास्क निघतो तो ऐन गरजेच्या वेळी.

२०२३मध्ये अशा तीन चाचण्यांमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. रात्री किमान चार तास मास्क लावणाऱ्यांत हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे ३१ टक्के कमी दिसला. अर्थात मास्क नेटाने लावणारा माणूस गोळ्याही वेळेवर घेतो, व्यायामही करतो; सगळं श्रेय यंत्राला देता येणार नाही. तरी दुर्लक्ष करावं असा हा आकडा नाही.

पण कुणाच्या सांगण्यावरून परस्पर यंत्र आणू नये. हृदय कमजोर झालेल्या काहींचा श्वास थांबतो तेव्हा घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाचा आदेश द्यायचं थांबवतो. अशा रुग्णांना वेगळ्या प्रकारचं, स्वतः दाब बदलणारं यंत्र देऊन पाहिलेल्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत २०१५ साली हृदयविकाराने होणारे मृत्यू उलट वाढलेले आढळले. म्हणून आधी स्लीप स्टडी म्हणजे झोपेची तपासणी, मग यंत्र.

आणि यंत्र आणल्यावर खरं काम सुरू होतं. नाकाच्या हाडावर वळ उठतो, कडेने हवा निसटून डोळ्यांत जाते, तोंडाला कोरड पडते. त्यावर उपाय आहेत: नाकपुड्यांत बसणारी छोटी उशी, तोंडही झाकणारा मोठा मास्क, हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी. आपल्याकडे यंत्र विकलं गेलं की हे सांगायला बहुतेक वेळा कुणी उरत नाही, याची मला खंत वाटते. आता औषधाचा पर्यायही आला आहे: वजन घटवणाऱ्या टिर्झेपेटाइड इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये स्थूल रुग्णांच्या ॲप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. तरी बहुतेकांची भिस्त आजही मास्कवरच आहे. बहुतेक नवी यंत्रं वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेले अडथळे नोंदवून ठेवतात. पुढच्या तपासणीला ही नोंद बीपीच्या वहीसोबत न्यावी. वापर तीनच तास दिसला, तर डॉक्टरांकडून आधी मास्कची मापं पुन्हा तपासून घ्यावीत.