होडीच्या एंजिनास योग्य पंखा कसा निवडावा?

कोकणच्या किनारपट्टीवर भातशेती आणि मासेमारी हे दोन्ही व्यवसाय पुष्कळदा एकाच घरात चालतात. खाडीत व किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या लहान होड्यांच्या मागे आता बाहेरून अडकविण्याचे एंजिन सर्रास दिसते. या एंजिनावर घरातील मंडळी बराच पैसा खर्च करतात. परंतु त्याची सारी शक्ती ज्याच्या द्वारे पाण्यास मिळते, त्या पंख्याकडे तो खडपावर आपटून मोडेपावेतो कोणाचे लक्ष जात नाही. मोडल्यावर शेजाऱ्याने बसविला तसा, किंवा बाजारात स्वस्त मिळाला तो पंखा आणून बसविला जातो. मापात नसलेले जू बैलांच्या मानेवर ठेवून नांगरट करावी, तसाच हा प्रकार होय. बैलही खचतात आणि कामही उरकत नाही.

पंख्याची दोन मापे

पंख्याच्या तुंब्यावर किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा व दुसरा पिचचा. दोन्ही इंचांत असतात. व्यास म्हणजे फिरणाऱ्या पात्यांची टोके जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी. पिच म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात होडी जितकी पुढे सरकावयास हवी ते अंतर. लाकडात स्क्रू पिळला असता तो दर फेऱ्यास ठराविक अंतर आत शिरतो, तसेच हे आहे. मात्र पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो.

एक उदाहरण घेऊ. एंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत आहे आणि दातचक्रांमुळे पंख्याचे फेरे त्याच्या निम्मे, म्हणजे २,५०० होत आहेत. पंख्याचे पिच १० इंच असल्यास होडी मिनिटास २५,००० इंच, म्हणजे ६३५ मीटर जावयास हवी. हा वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर होतो. घसरण शेकडा २० धरली तर प्रत्यक्षात ताशी सुमारे ३० किलोमीटर हाती लागतात. जाळी, बर्फ व माणसे यांनी भरलेल्या जड होडीत घसरण याहूनही अधिक असते.

निवडीची कसोटी

पूर्ण वेगात मिनिटास किती फेरे असावेत, याची खालची व वरची मर्यादा एंजिनाच्या माहितीपुस्तकात दिलेली असते. पंखा योग्य आहे की नाही हे ठरविण्याचा खरा आधार तोच. फेरे मोजण्याचे लहान यंत्र कारागिराकडे असते. ते स्पार्क प्लगच्या तारेवरून फेरे दाखविते. होडीत नेहमीचे ओझे भरून, शांत पाण्यात, पूर्ण वेगाने ही चाचणी घ्यावी. रिकाम्या होडीची चाचणी फसवी ठरते.

फेरे खालच्या मर्यादेपेक्षा कमी पडत असल्यास पिच जास्त आहे असे समजावे. असे एंजिन कुंथते, तापते, धूर ओकते आणि तेल अधिक पिते. फेरे वरच्या मर्यादेपलीकडे जात असल्यास पिच कमी आहे. एंजिन किंचाळते, होडीचा वेग मात्र वाढत नाही, आणि आतील भाग लवकर झिजतात. पिच एक इंचाने कमी केल्यास फेरे साधारणपणे १५० ते २०० ने वाढतात. एक इंचाने वाढविल्यास तितकेच घटतात. समजा, पुस्तकात ५,००० ते ६,००० अशी मर्यादा आहे व भरल्या होडीत ४,७०० फेरेच मिळतात. अशा वेळी दोन इंच कमी पिचचा पंखा घ्यावा. त्यानंतर हलक्या होडीतही फेरे ६,००० च्या पलीकडे जात नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

पाती व धातू

सर्वसाधारण कामास तीन पात्यांचा पंखा पुरेसा असतो. जड ओझे नेहमी वाहणाऱ्या होडीस चार पाती किंवा मोठा व्यास व कमी पिच यांचा पंखा पाण्यात चांगली पकड देतो. त्यात वेग थोडा घटतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असून तो दुरुस्त करता येतो. खडपावर आपटला तर पाते वाकते, पण दातचक्रे बहुधा वाचतात. स्टीलचा पंखा बळकट असला तरी महाग असतो, आणि मोठा आघात तो आतील दातचक्रांपर्यंत पोहोचवितो. यास्तव खडकाळ किनाऱ्यावर ॲल्युमिनियमच इष्ट. नवीन पंखा घेताना जुना सोबत न्यावा आणि दांड्याच्या खाचा मोजून जुळवाव्यात.

जुना पंखा खरोखर बाद झाला आहे काय?

एंजिनाचे फेरे वाढतात पण होडी पुढे जात नाही, अशी तक्रार असल्यास पाती शाबूत असूनही तुंब्यातील रबर निसटलेले असू शकते. तुंब्याच्या आतील व बाहेरील भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी व होडी चालवून पाहावी. रेघ तुटून सरकली, तर रबर गेले असे निश्चित समजावे. लहान एंजिनांत काही ठिकाणी पिन असते. आघात होताच ती तुटते व पंखा मोकळा फिरतो. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना हा प्रसंग ओढवला तर होडी आडवी होते व माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून जादा पिना, पाना आणि शक्य असल्यास जुना सुस्थितीतील पंखा होडीत कायम ठेवावा. वल्ही तर अवश्य असावीत.

बसविताना घ्यावयाची काळजी

पंख्यास हात लावण्यापूर्वी एंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढावी. दांड्यावर गुंडाळलेला जाळ्याचा दोरा कापून काढावा. तो तेलाचे सील कापतो व पाणी आत शिरते. दातचक्रांचे तेल दुधासारखे दिसल्यास पाणी शिरल्याची ती खूण होय. दांड्यास ग्रीस लावावे, वॉशर मूळच्याच क्रमाने व दिशेने बसवावेत आणि नटाची फुटकी पिन प्रत्येक वेळी नवीन घालावी.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. पंखा तपासण्यास तोच काळ उत्तम. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दिवसांत मच्छीमार बांधवांस एकत्र बोलवावे आणि प्रत्येक होडीच्या पंख्याचे आकडे व पूर्ण वेगातील फेरे एका वहीत नोंदवून ठेवण्यास सांगावे. पुढील हंगामात पंखा मोडला तर त्या नोंदीवरून योग्य पंखा चटकन निवडता येईल, आणि अंदाजाने केलेल्या खरेदीत जाणारा पैसा घरातच राहील.