घटसर्पाची लस केव्हां टोचावी ?

मृगाचा पाऊस पडून घटसर्पानें एखादें जनावर दगावलें, कीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी लसीकरितां दवाखान्याकडे धांवतो. ही धांव उशिराची होय. लस म्हणजे लागलेला रोग बरा करणारें औषध नव्हे. तींत मारलेले किंवा निर्बल केलेले रोगजंतु असतात; त्यांच्या योगानें जनावराचें शरीर स्वतःच प्रतिकारशक्ति निर्माण करतें, व त्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून घटसर्प व फऱ्या यांची लस मे महिन्यांतच टोचून घ्यावी.

याच तत्त्वावर डॉ. हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस तयार केली, व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नांवाची. गुरांच्या लसी पुण्यास औंध येथें होतात. बुळकांडी अशाच टोचणीनें हटली. २०११ सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

सर्पविषावरील प्रतिविषाची रीत निराळी. घोड्यास विष थोडें थोडें टोचीत नेतात, व त्याच्या रक्तांत तयार झालेलें प्रतिकारद्रव्य माणसास देतात. तें तत्काळ गुण देतें, पण फार दिवस टिकत नाहीं. सारंगखेड्याच्या बाजारांत घोड्याची केवळ चाल पाहणाऱ्यांनीं हा उपयोगहि ध्यानीं घ्यावा !

लस २ ते ८ अंश सेल्सिअस थंडाव्यांत ठेवावी लागते. धडगांवच्या डोंगरांत नेतांना बर्फाची पेटी हवीच. उन्हांत तापलेली लस टोचणें म्हणजे पाणी टोचणें. टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडें कमी येतें, क्वचित् मानेवर गांठ येते. तेवढ्यास भिऊन टोचणारास परत धाडूं नये.