रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृती : नियंत्रणाचा पल्ला

जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील प्रेषकाकडून येणाऱ्या रेडिओ संदेशांनुसार उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरला रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृती म्हणतात. प्रेषक व प्रतिकृतीत बसविलेला ग्राही यांच्यामधील ज्या कमाल अंतरापर्यंत संदेश खात्रीने पोहोचतात, ते अंतर म्हणजे नियंत्रणाचा पल्ला होय. हा पल्ला अपुरा पडण्याची कारणे व ती शोधून काढण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

दूरनियंत्रणाची कल्पना बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी नियंत्रित होणारी लहान नाव लोकांना चालवून दाखविली होती. हेलिकॉप्टर मात्र मुळातच अस्थिर असल्याने त्याची प्रतिकृती साधण्यास पुष्कळ काळ लागला. पश्चिम जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांना १९६०–७० या दशकाच्या अखेरीस त्यात यश आले. विमानाच्या प्रतिकृतीला क्षणभर संदेश मिळाला नाही, तरी ती बहुधा तरंगत राहते. हेलिकॉप्टरला तेवढी उसंत नसते. दीड मीटर व्यासाचा घूर्णक मिनिटाला १,६०० फेरे करीत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सु. ४५० किमी. होतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे अशा प्रतिकृतीचा आघात होऊन तिच्या चालकाचा मृत्यू झाला. त्यामुळे पल्ल्याची तपासणी ही हौसेतील किरकोळ बाब मानता येत नाही.

पल्ला कमी पडला की प्रेषक दुबळा आहे, असा समज प्रथम होतो. तो सहसा चुकीचा असतो. प्रतिकृती सु. १५० मी. पलीकडे गेली की ती कोणत्या बाजूला कलली आहे, हे डोळ्यांना नीट कळत नाही व चालकच तिला जवळ आणतो. प्रेषकाची शक्ती या अंतराच्या मानाने भरपूर असते. मोकळ्या अवकाशात शक्ती चौथाईवर आली, तरी पल्ला निम्माच होतो. म्हणून जो पल्ला शंभर मीटरांच्या आतच तुटतो, त्याचा दोष बहुधा ग्राहीच्या आसपास शोधावा लागतो. संदेश क्षीण झालेला नसतो, तर भोवतालचा विद्युत् गोंगाट वाढलेला असतो. शेजारी ढोल वाजत असता समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार होय.

हे ठरविण्याची चाचणी सोपी आहे. जुन्या संचांत प्रेषकाचा आकाशक मिटवून व नव्या संचांत शक्ती मुद्दाम घटविणारी कळ दाबून चालकाने प्रतिकृतीपासून दूर चालत जावयाचे असते. कळीमुळे शक्ती ३० डेसिबेलने (म्हणजे एक हजारांशापर्यंत) कमी होत असेल, तर पल्ला सु. ३२ पटींनी आखडतो. अशा वेळी ३० मी.पर्यंत नियंत्रण टिकले, तर मोकळ्या अवकाशातील पल्ला सु. ९५० मी. मानता येतो. निर्मात्याने सांगितलेले अंतर प्रमाण धरावे. ही चाचणी दोनदा करणे मात्र अत्यावश्यक आहे : एकदा चलित्र वा एंजिन बंद ठेवून व एकदा ते चालू ठेवून. दुसऱ्या वेळी मुख्य व शेपटीच्या घूर्णकांची पाती काढून ठेवावीत आणि पात्यांचा भार नसल्यामुळे एंजिन मंद गतीनेच चालवावे. दोन्ही वेळा पल्ला कमी भरला, तर दोष आकाशक, ग्राही वा प्रेषक यांत असतो. फक्त दुसऱ्या वेळी कमी भरला, तर गोंगाटाचा उगम प्रतिकृतीतच आहे हे निश्चित होते. पुष्कळ हौशी चालक पहिलीच चाचणी करून समाधान मानतात, हे योग्य नाही.

गोंगाटाचे सर्वांत चमत्कारिक कारण म्हणजे शेपटीचा घूर्णक फिरविणारा रबरी पट्टा. हा पट्टा प्लॅस्टिकच्या कप्प्यांवरून वेगाने फिरतो, तेव्हा व्हॅन डी ग्राफ जनित्रात घडते तेच येथे लहान प्रमाणात घडते : घर्षणाने स्थिर विद्युत् भार उत्पन्न होतो व शेपटीच्या धातूच्या नळीवर साठतो. नळी सांगाड्यापासून निरोधित असल्यास भाराला वाट मिळत नाही. तो वाढत जाऊन अखेर जवळच्या धातूच्या भागाकडे ठिणगीच्या रूपाने उडी घेतो. ठिणगीत जवळजवळ सर्वच कंप्रतांचे तरंग असल्याने ग्राही काही क्षण बधिर होतो आणि प्रतिकृतीला झटका बसतो. दमट हवेत भार आपोआप झिरपून जातो. म्हणून दख्खनच्या पठारावरील हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आढळणारा हा दोष कोकणात आढळेलच असे नाही, आणि मालकाला मात्र यंत्र लहरी वाटू लागते. नळी, चलित्राचे आवरण व सांगाडा तारेने एकमेकांस जोडून सर्वांचे विद्युत् वर्चस् सारखे केले, की दोष नाहीसा होतो. पट्ट्यावर ग्रॅफाइटाची पूड चोळण्याचाही उपयोग होतो.

धातूचे दोन सैल भाग एकमेकांवर घासल्यानेही गोंगाट होतो. चलित्राच्या कुंच्यांतील ठिणग्या, वेगनियंत्रकातील जलद उघडझाप करणारी मंडले व सर्व्हो यंत्रणांच्या लांब तारा हे इतर उगम आहेत. कुंच्यांवर ०·१ मायक्रोफॅराड धारित्र जोडणे, तारा फेराइटाच्या कड्यातून काढणे व ग्राही वेगनियंत्रकापासून दूर बसविणे हे त्यांवरील परिचित उपाय होत.

आकाशकाच्या बाबतीत कंप्रतेनुसार विचार बदलतो. अमेरिकेत ७२ मेगॅहर्ट्‌झ व यूरोपात ३५ मेगॅहर्ट्‌झ हे जुने पट्टे होत. ७२ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगलांबीचा चौथा भाग सु. १·०४ मी. असतो आणि ग्राहीची तारही सु. १ मी. असते. ३५ मेगॅहर्ट्‌झकरिता ही लांबी २ मी.हून अधिक हवी. पण तेवढी तार प्रतिकृतीत मावत नसल्याने ती आखूड ठेवून ग्राहीतील मंडल तिच्याशी जुळविलेले असते. म्हणून तार कापणे, वाढविणे किंवा गुंडाळून ठेवणे सारखेच घातक ठरते. चालकाची एक सवयही नडते. सळईसारख्या आकाशकाच्या अक्षाच्या दिशेने प्रारण जवळजवळ शून्य असते; आकाशकाचे टोक प्रतिकृतीवर रोखणारा चालक नेमकी सर्वांत दुर्बल दिशा निवडत असतो.

२००५ नंतर २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील विस्तारित वर्णपटाचे संच प्रचारात आले. येथे तरंगलांबी १२·५ सेंमी. असल्याने आकाशकाचे उघडे टोक केवळ ३१ मिमी. असते. ठिणग्यांचा उपद्रव या कंप्रतेस बराच कमी होतो. पण कार्बन तंतूंचा सांगाडा विद्युत् संवाहक असल्याने त्याच्या आड तरंग सहज अडतात. याकरिता दोन टोके परस्परांशी काटकोनात व सांगाड्याबाहेर ठेवतात, म्हणजे प्रतिकृती कशीही वळली तरी एका टोकास संदेश मिळतो.

निदान करताना आणखी दोन गोष्टी फसवितात. साध्या कंप्रता विरूपणाच्या संचात गोंगाट वाढला, की सर्व्हो थरथरतात व चालक सावध होतो. स्पंद संकेत विरूपणात व २·४ गिगॅहर्ट्‌झच्या संचांत ग्राही बिघडलेला संदेश टाकून देऊन मागील आज्ञाच चालू ठेवतो. त्यामुळे नियंत्रण पूर्ण सुटेपर्यंत बाह्यतः सर्व सुरळीत दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही शांतता त्या थरथरीपेक्षा अधिक धोक्याची आहे. दुसरे असे, की सर्व सर्व्हो एकदम भार घेतात तेव्हा दुबळ्या घटमालेचा दाब उतरतो. काही ग्राही सु. ३·५ व्होल्टखाली बंद पडून पुन्हा सुरू होतात. ही घटना हुबेहूब पल्ला तुटल्यासारखी भासते. ती प्रतिकृती अगदी जवळ असतानाही घडते, यावरून तिचे खरे स्वरूप ओळखता येते. हुकलेल्या संदेशांची व दाबाची नोंद ठेवणारा ग्राही असल्यास प्रत्येक उड्डाणानंतर ती वाचावी. ज्या ग्राहीने एकदा आघात सोसला आहे, त्याच्या बाबतीत तर चलित्र चालू ठेवून केलेल्या चाचणीशिवाय पुन्हा उड्डाण करू नये, कारण स्फटिकाचा वा डाखाचा सूक्ष्म तडा कंपनातच उघडतो.