थेम्सवरचा डुलणारा पूल

१० जून २००० रोजी लंडनमधला मिलेनियम पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि गर्दी होताच आडवा डुलू लागला. दोनच दिवसांत बंद!

माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. डावा-उजवा पाय आलटूनपालटून पडत असल्याने एकाच बाजूचा धक्का मात्र सेकंदाला सुमारे एकदाच बसतो. पुलाची आडवी नैसर्गिक कंपनंही त्याच्याच आसपासची. पूल हलला की लोक तोल सावरत चालायचे आणि त्या झोक्याला आणखी जोर द्यायचे. (बिचाऱ्यांना पत्ताही नसे!)

अरुप कंपनीच्या अभियंत्यांनी पुलावर माणसं चालवून मोजमापं घेतली. ठरावीक संख्येपर्यंत पूल शांत राही; त्यापुढे थोडी माणसं वाढली तरी एकदम डुले. कंपनं शोषणारे डॅम्पर बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला.